राघोची चौकशी

“राघो मास्तर माणूस कसा आहे?” पाहुण्याने विचारलं.

हिलालने आधी खाटेवरची चादर सारखी केली, दोघांना बसवलं. गोडादऱ्याच्या त्या गल्लीत टोपी घातलेली दोन परकी माणसं भरदुपारी घर विचारत आली, की सोयरिकीची चौकशी समजायची. कोणासाठी आलो ते सांगायचं नाही आणि इकडचं तिकडचं बोलत घराण्याचं माप घ्यायचं, अशी रीतच होती. राघोची नात यंदा लग्नाची झाली होती, हे हिलालला ठाऊक होतं.

“बेटा, पाणी लई ये,” त्याने आत आवाज दिला.

त्याची लेक सुषमा तांब्या-पेले घेऊन आली. चलथाणचे छगनअण्णा, दोघांतले थोरले, त्यांनी ती किती शिकली ते विचारलं. “बी.कॉम. झालं,” म्हणून ती आत गेली.

“राघोला मी पस्तीस वर्षं ओळखतो,” हिलाल म्हणाला.

ओळख झाली तेव्हा हिलाल अकरा वर्षांचा होता. बापाचा डबा घेऊन कापडाच्या लूमच्या खात्यात गेला, त्याच दिवशी तिथे कामाला असलेल्या राघोच्या हातून मागाच्या बीमवर गुंडाळलेले धागे तुटले. शेठ समोर आला तसं राघोने हिलालकडे बोट दाखवलं. “या पोराने ब्लेड मारलं.” बापाने सगळ्यांदेखत पट्ट्याने फोडून काढलं. पोरगा ‘मी नाही, मी नाही’ म्हणत राहिला. बापानेसुद्धा खरं मानलं नाही.

त्यानंतर त्याने कोणाचंच खरं मानलं नाही. शाळेत खांद्यावर मागून हात पडला, की आधी ठोसा मारी आणि मग तोंड बघी. मोठेपणी खात्यात दोघं हळू बोलले, तरी आपल्याविषयीच बोलतात असं धरून गळपट्टीला हात घाली. गल्ली त्याला रामराम करी, पण हातभर लांबून.

आणि आज राघोच्या घरचं कार्य त्याच्या खाटेवर येऊन बसलं होतं.

“माणूस शब्दाचा आहे का?” छगनअण्णांनी विचारलं.

“शब्दाचा?” हिलाल हसला. “तो म्हणाला दिवस उगवला, तर मी बाहेर जाऊन बघून येईन.”

धाकटा पाहुणा हसला. अण्णा हसले नाहीत.

“खोटं बोलतो म्हणता?”

“लहान लेकरावर आळ घेतला त्याने. ते लेकरू मीच.”

“तरुणपणी चुकतं माणूस, भाऊ. आता वय झालं त्यांचं.”

“वय झालं, जीभ तीच आहे.” हिलालचा आवाज मऊ झाला होता. इतक्या मऊ आवाजात तो घरातही बोलत नसे. “तो ज्याला चांगला म्हणेल ना अण्णा, त्याच्या दारात उभं राहू नये.”

“विचार करून सांगा. लेकीच्या जन्माचा प्रश्न आहे.”

“म्हणूनच सांगतो. माझ्या पोरीची शपथ.”

आतून चहा आला. अण्णांनी कपाला हात लावला नाही. ते धाकट्याकडे बघून उठले, टोपी नीट केली, चपला घातल्या. हिलाल त्यांना सोडायला उंबऱ्यापर्यंत गेला. पस्तीस वर्षांत त्याची छाती इतकी हलकी झाली नव्हती.

“राग मानू नका,” तो म्हणाला. “राघोच्या नातीला दुसरं स्थळ मिळेल.”

“त्यांच्या नातीचं आम्हाला काही माहीत नाही,” अण्णा म्हणाले. “राघो मास्तर म्हणाले होते, ‘हिलालला मारकुटा मी केला, माझ्या खोट्याने. मुळात माणूस सोन्यासारखा आहे.’ बाकी सगळ्या गल्लीने या घरात सोयरीक करू नका म्हणून सांगितलं. तुमच्या सुषमासाठी आम्ही एकट्या त्यांच्या शब्दावर आलो होतो.”