बारा टनांचा दगड

ट्रक वजनकाट्यावर चढला आणि तिने खिडकीतूनच दगड ओळखला. काळा ग्रॅनाइट, एक कोपरा उडालेला. त्याच कोपऱ्याखाली तिच्या नवऱ्याचे दोन्ही पाय गेले होते.

"दगडांच्या वखारीतून आणलाय," ड्रायव्हर म्हणाला. "अपशकुनी म्हणून कोणी हात लावत नव्हतं. लवकर वजन करा, ताई."

त्या वखारीत पूर्वी तिला सगळे 'तराजू' म्हणत. दगड क्रेनने उचलायच्या आधी ती टेप लावायची, लांबी-रुंदी-जाडीचा गुणाकार तोंडीच करायची, दगडाची जात बघून घनमीटरला किती टन ते धरायची आणि वजन सांगून मोकळी व्हायची. त्यावरून तिचा नवरा उचलायचे पट्टे निवडायचा.

हा दगड तीन मीटर लांब, दीड रुंद, एक जाड. ग्रॅनाइट घनमीटरला दोन पूर्णांक सात टन. "बारा, वर थोडं," तिने सांगितलं होतं.

पट्टा तुटला. जॅक लावून नवऱ्याला बाहेर काढलं. दगड तिथेच पडून राहिला. चौकशीत मुकादम म्हणाला, दगड आतून भारी निघाला, पंधराच्या पुढे असणार, बाईचा अंदाज चुकला. सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं.

तेव्हा नवराबायकोचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. ती बहिणीकडे कायमची निघालीच होती. पण दवाखान्यात त्याला पाहिलं आणि तो विषय संपला. आता त्याला उठवणं, बसवणं, आंघोळ घालणं सगळं तीच करायची. तो कधी चिडला नाही. "जाऊ दे गं," म्हणायचा, "चुकतं माणूस. माझ्या मनात काही नाही." ते ऐकलं की ती ताट तसंच सारून उठायची.

नोकरीही तिने मुद्दाम वजनकाट्यावर धरली. इथे अंदाज बांधावा लागत नाही.

पडद्यावरचा आकडा थांबला. रिकाम्या ट्रकचं वजन वजा करून ती बघतच राहिली. बारा टन, शंभर किलो.

"ट्रक खाली घ्या. पुन्हा चढवा."

"का हो?"

"घ्या म्हणते ना!"

पुन्हा तेच. बारा टन, शंभर किलो.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता वखारीत गेली. मुकादम पत्र्याच्या सावलीत चहा पीत बसला होता.

"काका, दगड काट्यावर आला होता. बारा टन भरला."

त्याचा पेला ओठांपाशीच थांबला.

"मी बरोबर होते. मालकाने कुजके पट्टे वापरायला लावले असणार, आणि तुम्ही त्याला वाचवायला माझा बळी दिलात. बापाच्या जागी मानलं होतं तुम्हाला. केसाने गळा कापलात माझा!"

"मालकाचं नाव घेऊ नकोस, पोरी. नवे पट्टे आत आणून ठेवले होते. आणायला जायचा कंटाळा म्हणून तुझ्या नवऱ्याने जुनाच लावला."

 ती डोळे पुसून म्हणाली, "असेल. चुकतं माणूस. त्याची शिक्षा त्याला मिळालीय. पण त्याला बिचाऱ्याला वाटतं दगडच भारी होता. रोज मला माफ करतो तो! आज घरी जाऊन सांगतेच, माझा आकडा खरा होता म्हणून."

"नको सांगूस."

"का नको? आणि तुम्ही तरी खोटं का बोललात? तुमचं काय अडलं होतं?"

मुकादमाने पेला खाली ठेवला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "दवाखान्यात त्याने माझे हात धरले, पोरी. रडत होता. म्हणाला, काका, चूक तिची ठरवा, तरच ती माझ्याजवळ राहील."