हळू म्हंजे कसं?

अप्पांच्या घशाचं ऑपरेशन परवा होतं. नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तो आवाज रेकॉर्ड करून ठेवायला दानेश्वरीनं माइक कॉम्प्युटरला जोडायचा ऑडिओ इंटरफेस मागवला, माइक जोडला, वडिलांना समोर बसवलं. ते बोलले की इंटरफेसवर लाल दिवा पेटायचा, आवाज फाटायचा. आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेलं. बोलणं म्हणजे ओरडणंच. "अप्पा, हळू बोला की." "हळू म्हंजे कसं?" "आईला लग्नाचं विचारलं होतं, तसं." अप्पांनी नुसते ओठ हलवले. दिवा लागलाच नाही. तिनं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. हेडफोनमध्ये फक्त श्वास. कारखान्यात खासगी बोलणं असंच चालायचं, आवाजाविना, हे तिला ठाऊक नव्हतं. दारात शेंगा फोडत बसलेल्या आईला होतं. ती शेजारच्याच मागावर असायची. अप्पांचे ओठ बघून ती ओरडली, "तवाच व्हय म्हनलं की!" रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न नाही, उत्तर आहे.