येते

सकाळी सव्वासातला पाहुणी बसखाली येता येता वाचली. रस्ता ओलांडताना तिने सवयीने एका बाजूला बघितलं आणि बस दुसऱ्या बाजूने आली. धाकटीने दप्तर धरून तिला मागे खेचलं.

"इथे गाड्या उजवीकडून येतात, पाहुणीबाई. किती वेळा सांगायचं?"

"माहीत आहे मला."

"मग मान तिकडे कशाला वळते?"

पाहुणीने दप्तर सोडवून घेतलं. आजच्या दिवसात अजून बरंच व्हायचं होतं.

हे नाव धाकटीनेच ठेवलेलं, पहिल्याच दिवशी. पाणी दिलं की थँक्यू, ताट पुढे केलं की थँक्यू. खोली दोघींची, तरी आत शिरण्याआधी दारावर टकटक. "हॉटेल उघडलंय का आम्ही?" धाकटी म्हणाली होती, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

महिना झाला तरी पाहुणीचं बस्तान बसत नव्हतं. दिव्याचं बटण ती उलटं दाबायची. गाडीत बसताना नेमकी चालकाच्या दाराशी जाऊन उभी राहायची, मग धाकटीचे बाबा किल्ली पुढे करून म्हणायचे, "चालव बाई, आज तूच चालव." बोलण्याआधी वाक्य मनात जुळवावं लागे आणि ते जुळेपर्यंत लोक पुढच्या विषयावर पोचलेले असत. शाळेत मुली तिच्या उच्चारांची नक्कल करत. ती हसून घेई. रात्री मात्र या कुशीवरून त्या कुशीवर.

पलंग थोरलीचा होता. धाकटीची ही मोठी बहीण गेल्या वर्षी शाळांमधल्या विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत परदेशी गेली. तिच्या चपला अजून दाराशी होत्या. पाहुणीने एकदा पाय घालून बघितला, तर टाच बाहेर. भिंतीवरच्या फोटोत थोरलीच्या दोन जाड वेण्या होत्या आणि हसू कानापर्यंत. पाहुणीचे केस कानाशी कापलेले.

"ताई असती तर गणित करून दिलं असतं," धाकटी वही आपटत म्हणे. "ताई असती तर खिडकी उघडी ठेवू दिली असती."

पाहुणी ऐकून घेई. जी मुलगी घरात सगळ्यांना इतकी हवी होती, तिच्या गादीवर झोप लागायची कशी?

धाकटीची आई घरीच कपडे शिवायची. पाहुणी यायच्या आधीच तिने एक ड्रेस शिवून तयार ठेवला होता, थोरलीच्या मापाने. टेप लावायची गरजच नाही, माप हातात बसलंय, असं ती सगळ्यांना सांगत होती. ड्रेस काखेत रुतला. बाह्या मनगटाच्या वर राहिल्या. "खूप छान आहे, थँक्यू," पाहुणी म्हणाली. आईने तो घडी घालून मशीनच्या खणात टाकला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

बाकी आई कशाचाच हट्ट धरत नसे. फक्त एका शब्दावर अडून बसे. आज सकाळीही तेच झालं.

"जाते," पाहुणी दारातून म्हणाली.

"जाते नाही म्हणायचं. येते म्हण."

"पण मी जातेच आहे ना?"

"म्हणूनच."

"तिकडे आम्ही जातेच म्हणतो."

"तिकडचं तिकडे," आई म्हणाली आणि मशीनचं चाक फिरवलं.

अदलाबदलीचं काम बघणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "महिनाभर कळ काढ. नाहीच जमलं, तर तिकडच्या शाळेत तुझी जागा आहे. पण महिन्याच्या आत सांग. नंतर माझ्याही हातात काही राहणार नाही." आज शेवटचा दिवस. पाचला बाई फाटकाशी येणार होत्या. हो किंवा नाही, एवढंच सांगायचं होतं.

शाळेतून आल्यावर पाहुणीने तिकडच्या आईला फोन लावला.

"तुझी खोली तशीच ठेवलीय," ती म्हणाली. "कुत्रा अजून तुझ्या दाराशीच झोपतो."

फोन ठेवून पाहुणी उगाचच स्वयंपाकघरात गेली, परत आली, खिडकीशी थांबली, पुन्हा गेली. शेवटी मशीनपाशी उभी राहिली.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली.

मशीन थांबलं. आईच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या तिने एकेक करून उशीला टोचल्या.

"बाईंना सांगितलंस?"

"आता सांगणार. खाली येतायत."

"इथे कोणी काही बोललं का तुला?"

"नाही. सगळे चांगलेच आहेत. इथे मी काहीही केलं की चुकतंच. तिकडे चुकत नाही."

आईने गळ्यातला टेप काढला. "उभी राहा जरा. तुझं माप मी घेतलंच नाही. चूक माझी आहे."

"आता कशाला?"

"राहा म्हटलं ना."

तिने खांदा मोजला, मग बाही. मग टेपचं टोक मानेशी धरून दुसरं खाली सोडलं आणि आकड्यावर बोट ठेवून तशीच थांबली. धाकटी आतून दाराशी येऊन उभी होती. खाली बाईंनी हाक मारली.

"चार बोटं वाढलीस," आई म्हणाली. "गेल्या वर्षी विमानतळावर मला ‘येते’ म्हणून गेलीस, तेव्हा माझ्या कानापर्यंत होतीस."

बाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली. थोरलीने बूट चढवले, दार उघडलं आणि ती उंबऱ्यावर थांबली. अजून तिने ‘जाते’ही म्हटलेलं नव्हतं आणि ‘येते’ही.