निरोगी गुलाब

“याच्या घराण्यात कुणाला काळे ठिपके?” गुलाबाचं पान उलटं करून बघत काकांनी विचारलं.

महिन्यापूर्वी त्यांनी माझीही अशीच चौकशी केली होती. त्यांच्या मुलीला, शाल्मलीला, मी मागणी घातली आणि नेमका तेव्हाच शिंकलो. सात वेळा. “आम्हाला निरोगी जावई हवाय,” म्हणत त्यांनी मला अर्ध्या चहावरून उठवलं. आता त्यांना निरोगी गुलाब हवा होता आणि घराजवळची नर्सरी माझीच होती.

“तुमच्या अंगणात ऊन जेमतेम तीन तास, त्यात गारठा आणि धुकं,” मी म्हणालो. “हा चकचकीत पानांचा न्या. याला भुरी लागत नाही, ठिपके पडत नाहीत. वर्षभर कुणी बघायलाही नको.”

“माणसांपेक्षा बरा,” काका माझ्या नाकाकडे बघत म्हणाले.

शाल्मली कोपऱ्यातल्या मरतुकड्या रोपापाशी उभी होती. “आणि हा?”

“त्याला सगळं होतं. दर आठवड्याला येऊन पानं तपासावी लागतात.”

“कोण येतं?”

“मीच.”

“बाबा, हाच घ्यायचा. पाच स्थळांना तुमच्या पसंतीने नकार दिला, गुलाब माझ्या पसंतीचा.”

काकांनी रोपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोघांबद्दल त्यांचं मत एकच होतं.

“ये रविवारी,” ते शेवटी म्हणाले. “पण नाकाला रुमाल बांधून. त्या बिचाऱ्याला आणखी सर्दी नको.”