आप्पांना घर सापडेना

कल्पना करा. तुम्ही सातवीत आहात. जिथला एक दगडही ओळखीचा नाही अशा शहरात आजोबांचं बोट धरून चालला आहात. आणि मध्येच तुमच्या लक्षात येतं, की वाट आजोबांनाही आठवत नाही. काय कराल?

शिवकांतावर परभणीत नेमकी हीच वेळ आली होती.

सकाळी चारठाण्याहून निघताना आईनं तिला चुलीपाशी बोलावून सांगितलं होतं, "आप्पा आताशा लय इसरायलेत. परवा चष्मा डोळ्यावर, अन् शोधायलेत घरभर! नजर ठेव." थोरल्या बहिणीनं, महानंदाताईनं, भाकरी बांधून दिल्या. आप्पांचं परभणीच्या बसप्पा तेलवाल्यांकडे काम आहे, एवढंच शिवकांताला ठाऊक होतं.

एसटीतून उतरून दोघं नानलपेठेकडे निघाली. भिंतींवर नामांतराच्या घोषणा एकावर एक रंगवलेल्या होत्या. शिवकांता दिसेल ती पाटी वाचत होती. परतीची वाट आपल्यालाच शोधावी लागली तर?

बोळाच्या तोंडाशी एक शिंपी बसला होता. आप्पांनी विचारलं, "बसप्पा तेलवाल्याचं घर कुठं आलं म्हणायचं?"

"ह्याच बोळात. निळं दार." शिंप्यानं मशीन थांबवलं. "बसा की घटकाभर. बसप्पा भला माणूस हाय. शिलाईला कधी घासाघीस न्हाई."

निळं दार लगेच दिसलं. "आप्पा, हे बघा!" शिवकांता ओरडली. आप्पा मात्र दारावरून तसेच पुढे गेले.

पुढे पिठाची गिरणी लागली. "बाई, बसप्पाचं घर कुठं आलं?"

गिरणीवाली कुसुमबाई पदर झटकत म्हणाली, "आवो, मागं टाकून आलाव की! आत्ताच त्येंच्या घरचं दळण गेलं. डबा सासूच्या डोक्यावर, अन् सून मोकळी! कलियुग म्हणावं का काय!"

"आप्पा, ती मागं म्हणली."

"हो का?" म्हणत आप्पा सरळ पुढे निघाले.

ऐकलेलं इतक्यात विसरतं का कुणी?

मग बाजार आला. भांड्यांची दुकानं, कापसाच्या गाड्या, सायकलींची गर्दी. नुसती वळणांवर वळणं. पानाच्या टपरीवर आप्पांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

"बसप्पाचं घर?" टपरीवाला वैतागला. "त्या घरात माझं गिऱ्हाईक न्हाई. बाप येत न्हाई का पोरं येत न्हाईत. एक बिडीसुदिक न्हाई! सगळी गल्ली तशी निघाली तर म्या काय खावं?"

आप्पा पोट धरून हसले. हसण्यासारखं काय होतं, ते शिवकांताला कळेना.

स्टेशन रोडवर एका लिंबाखाली त्यांनी भाकरी सोडली. शिवकांता एकच तुकडा चिवडत बसली. शेवटी तिनं हळूच विचारलं, "आप्पा, माझं नाव काय?"

आप्पांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "शिवकांता. सातवीला हाय, भूमितीत कच्ची. अन् आज आज्याला येड्यात काढायली."

"मग बसप्पांचं घर?"

आप्पांनी हात धुतले आणि ते स्टँडकडे चालू लागले. निळ्या दाराकडे वळलेसुद्धा नाहीत. आपण कशाला आलो होतो तेही आप्पा विसरले, असं समजून शिवकांता डोळे पुसत त्यांच्यामागे गेली. आईला आता काय सांगायचं?

जिंतूरच्या गाडीत जागा मिळाल्यावर ती म्हणाली, "आप्पा, आपलं काम ऱ्हायलं."

"झालं की!" आप्पांनी पटका सोडून मांडीवर ठेवला. "निळं दार तुज्याआधी मला दिसलं. महानंदाला बसप्पाच्या पोराचं, नागनाथाचं स्थळ आलंय. लेक द्यायची तर घराला इचारू नये, पोरी. घरचे चांगलंच सांगणार. गल्लीला इचारावं. सुनेच्या डोक्यावर वझं न्हाई, घरात बिडी न्हाई. तिथं सुखी ऱ्हाईल आपली लेक."

शिवकांतानं एवढा मोठा श्वास सोडला, की पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं.

"म्हंजे तुमी इसरला न्हाईत?"

"चष्मा तेवढा इसरतो." आप्पा हसले. "आता बघ, त्येंच्यातलं बी कुणीतरी येईल चारठाण्याला. आपलं घर इचारत गल्लीभर फिरंल."

शिवकांताचं हसू थांबलं. मग गाव येईपर्यंत ती आपल्या गल्लीतलं एकेक घर बोटांवर मोजत राहिली.

गाडीतून उतरताच आप्पा घराकडे वळले. शिवकांता मात्र धावत शेजारच्या बायनाबाईच्या अंगणात शिरली. गेल्या पोळ्यापासून दोघींचं बोलणं नव्हतं. तिनं ओट्यावरची रिकामी घागर उचलली, "मावशी, आजपासून तुमचं पाणी मी आणणार!" असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, आणि हापशाकडे पळाली.