कोरा रकाना

कृषी व्यवसाय व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमातल्या सर्वेक्षणाची तालीम म्हणून शहरातून सुट्टीला घरी आलेली कालिंदी वडिलांसमोरच फॉर्म घेऊन बसली. शिजवलेली हळद खळ्यावर पसरता पसरता आप्पा उत्तरं देत होते.

“पुढची पिढी शेती सांभाळेल का?”

“ते तुम्हीच लिहा, मॅडम,” आप्पा हसले. “एवढं शिकताय ते कशासाठी?”

तिनं रकाना कोराच ठेवला. दुसऱ्या दिवशी आप्पा खळ्यावर कोसळले, ते उठलेच नाहीत.

आता ती मसाला कंपनीसाठी हळद खरेदी करते. करारापूर्वी शेतकऱ्यांना तोच प्रश्न विचारताना दर वेळी आप्पांचं हसणं ऐकू येतं.

आज एका म्हाताऱ्यानं कौतुकानं लेकीकडे बोट दाखवलं. “हिलाच विचारा की! पुण्यात शिकतेय.”

लेकीनं मान खाली घातली.

“मी परत येणार नव्हते, आप्पा,” कालिंदी मोठ्यानं म्हणाली.