सहीचा माणूस

"माणूस बरा करता आला नाही की तुम्ही त्याला करंट लावता," लाईनमन म्हणाला. "आणि वर त्याच्याच घरच्यांकडून लिहून घेता. म्हणजे उद्या काही झालं, तर तुमचे हात कोरडे."

टेबलापलीकडची डॉक्टरीण चिडली नाही. तिने संमतीचा कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने तो तेवढाच मागे सरकवला. सकाळपासून हे तिसऱ्यांदा चाललं होतं. शेजारच्या खुर्चीत त्याची आई मांडीवर पिशवी धरून बसली होती.

प्रश्न ताईचा होता. ताई शाळेची बस चालवायची. बत्तीस मुलं, बत्तीस दारं. कोणाला वळणावर उलटी होते आणि कोणाचा बाप दारात कधीच वेळेवर येत नाही, सगळं तोंडपाठ. मुलं तिला वचकून असत, बाप जरा जास्तच. दोन महिन्यांपूर्वी ती आधी हसायची थांबली, मग झोपायची, मग बोलायची. आपली आतडी कुजलीत, घातलेलं अन्न आत सडतंय, हे तिचं शेवटचं बोलणं. आता ती वॉर्डातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होती आणि नाकात घातलेली नळी दिवसातून दोनदा उपसून टाकत होती.

"तिसरं औषध चालू आहे," डॉक्टरीण म्हणाली. "औषधाला वेळ लागतो आणि त्यांच्याकडे वेळ नाही. रोज वजन उतरतंय. हा उपचार भूल देऊन करतात. काही मिनिटांचं काम. या अवस्थेतल्या बऱ्याच जणांना गुण येतो."

"आणि आठवण?"

"उपचाराच्या मागचे-पुढचे दिवस पुसले जातात. कधी आठवडे. काहींचं त्याहून जास्त जातं. खोटं सांगणार नाही."

"करंट तुम्ही पुस्तकात वाचलाय, मी अंगावर घेतलाय." तो पुढे झुकला. "पंधरा वर्षं झाली. तेव्हा कंत्राटदाराकडे होतो. खांबावर झटका बसला, खाली आलो. दीड महिना दवाखान्यात. त्यातलं काही आठवत नाही, आधीचंही नाही. बाप गेला तोसुद्धा नाही. लोक सांगतात म्हणून खरं धरायचं. एका झटक्याने एवढं गेलं. तुम्ही तिला किती देणार?"

"सहा ते आठ. कुठे मोडलं होतं तुम्हाला?"

"एक हाड नाही. आमच्या घराण्याची हाडं लोखंडी."

डॉक्टरीण काही लिहायला गेली, पण तिने पेन खाली ठेवलं.

"सकाळी उपाशी ठेवावं लागतं ना?" आईने विचारलं. "आणि दातांत ते रबराचं."

"हो. मावशी, तुम्हाला बरंच माहीत आहे."

"ऐकलेलं."

"आई, तू मध्ये पडू नकोस. गल्लीतल्या बायका वाटेल ते सांगतात." तो पुन्हा डॉक्टरणीकडे वळला. "आमच्याकडे नियम आहे. खांबावर जो चढणार, लाईन बंद करून घ्यायच्या कागदावर त्याचीच सही. साहेब असो की सख्खा भाऊ, दुसऱ्याची चालत नाही. दुसऱ्याच्या सहीवर चढलेले दोघे मी या हातांनी खाली उतरवलेत. ताईला सही करू दे, मग बोला."

"त्या पाणी गिळत नाहीत, सही कुठून करतील? पहिल्या भेटीत बोलत होत्या, तेव्हाच त्यांनी लिहून दिलंय. माझ्याबद्दल ठरवायची वेळ आली तर धाकट्या भावाला विचारा. आईला विचारू नका, असंही लिहिलंय."

त्याने आईकडे पाहिलं. आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

तो उठला आणि वॉर्डात गेला. खाटेच्या कडेला टेकून म्हणाला, "ताई, तुझ्या जागी आलेल्या ड्रायव्हरने रिव्हर्स घेताना शाळेचं फाटक पाडलं. आता उशीर झाला तरी मुलांना फाटकावरून उड्या मारून आत जावं लागत नाही, म्हणून मुलं त्याच्यावर खूश आहेत."

एरवी तिने त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचं लायसन रद्द केलं असतं. आता तिची पापणीही हलली नाही. त्याने तिचं मनगट हातात घेतलं. बसचं जड स्टिअरिंग वळवणारं ते मनगट त्याच्या दोन बोटांत मावून वर जागा उरली.

बाहेरच्या बाकावर आई येऊन बसली होती. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं, "मी सही करणार नाही. आत काय शिल्लक ठेवतील याचा भरवसा नाही. जायचीच असेल तर निदान ताई म्हणून जाईल."

"बस खाली," आई म्हणाली. तो बसला.

"तू खांबावरून पडला नव्हतास." घरातलं दूध संपलं असं सांगावं, तशा आवाजात ती बोलत होती. "बाप गेला आणि तू मोरीत जाऊन बसलास, तो बसलासच. घास भरवला तर गालात धरून ठेवायचास. याच वॉर्डात तुला आठ वेळा करंट दिला. बाहेर कळलं असतं तर तुला खांबाला पुन्हा कोणी हात लावू दिला नसता, म्हणून तू पडलास असंच सांगायचं आम्ही ठरवलं. कागद आधी माझ्यापुढे आला होता. तू आत्ता बोललास तेच मी बोलले आणि घरी निघून आले. सही ताईने केली. तेवीस वर्षांची पोर. तेव्हापासून तू जेवतोयस, चढतोयस, जगाशी भांडतोयस. आता माझ्याकडे बघून सांग, तिने चूक केली का?"